आत्यांच्या खोलीतला एसी

माझं माहेर सांगलीचं, नदीपासून दोन गल्ल्या आत. त्यामुळे घरात पाणी दिसलं की मी आधी सामान उचलते आणि विचार नंतर करते. त्या दिवशी ऑफिसातून आले तर सासूबाईंच्या खोलीतली भिंत ओली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी त्यांची गादी ओढत बाहेरच्या खोलीत आणली. एसीच्या खालच्या कडेवरून पाणी टपकत होतं आणि सासूबाई स्टुलावर बसून ते पातेल्यात धरत होत्या. पातेलं भरलं की काठी टेकत टेकत मागच्या दारी नेऊन झाडांना घालून यायच्या. भिंतीचं काय व्हायचं ते होवो, पाणी वाया जायला नको, एवढीच त्यांची काळजी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. त्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या. सासरे फौजेत होते. ते गेल्यावर आत्या तिकडे एकट्याच राहायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही त्यांना साताऱ्याला आणलं. सांधे थंडीत आखडू देऊ नका असं डॉक्टर म्हणाले, म्हणून नवऱ्याने त्यांच्या खोलीत हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा देणारा एसी बसवला. आत्यांनी कधी रिमोटला हात लावला नाही. परक्याच्या घरी आलेल्या माणसासारख्या त्या त्याच्याखाली बसायच्या.

"आता हालाय-चालाय येतंय, मी जाते" हे त्यांचं वाक्य आठवड्यातून एकदा ठरलेलं. खुंटीला कापडी पिशवी टांगलेली, तिच्यात दोन लुगडी घडी घालून तयार. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटायचं. त्या घरात असल्या की माझा आवाज खाली येतो, हे माझ्या नवऱ्यानेही कबूल केलं आहे. फक्त त्याचं श्रेय तो स्वतःकडे घेतो. पण राहा म्हणून आग्रह करावा तर भीती वाटायची. आत्यांना आग्रह केला की त्या हटकून उलटं करतात. जेवताना भाकरी वाढतानासुद्धा मी त्यांना विचारत नाही, सरळ ताटात टाकते.

आता या गळतीने त्यांना आयतं कारण मिळालं. हे यंत्र काही माझ्या नशिबात नाही, उगाच तुमच्या भिंतीची नासाडी, येत्या सोमवारी मला म्हसवडच्या एसटीत बसवून द्या, असं त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. नवऱ्याने बरं म्हटलं. आईपुढे तो दुसरं काही म्हणतच नाही. मला इतका राग आला की मी त्याच संध्याकाळी एसीचं पुस्तक शोधून काढलं. सोमवारच्या आत हा एसी कोरडा करायचा, म्हणजे निदान ते निमित्त तरी जाईल.

यंत्रं मला घाबरवत नाहीत. मिक्सर, गिझर, इस्त्री, सगळं मी उघडलेलं आहे आणि बहुतेक वेळा परत बंदही केलेलं आहे. पहिल्यांदा जाळ्या काढून धुतल्या. जाळी तुंबली की आत बर्फ धरतो आणि तो वितळून गळतो, असं पुस्तकात होतं. जाळीवर धूळ होती, पण बर्फ नव्हता. मग एसी भिंतीवर तिरका बसलाय का ते मोबाइलमधल्या लेव्हलने पाहिलं. सरळ होता. शेवटी पोवई नाक्याकडून मेकॅनिक बोलावला. त्याने गॅस तपासला, आतली पन्हळ साफ केली आणि तीत मगभर पाणी ओतून दाखवलं. पाणी नळीतून निघून गेलं. आता काही काळजी नाही, असं सांगून तो चहा पिऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं, मगभर पाणी खरंच गेलं होतं.

पुढचे दोन दिवस एक थेंब नाही. मी घरभर विजयी वीरासारखी फिरले. मग दुपारी वळीव पडला, हवा कोंदट झाली आणि दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा ओली. नवरा म्हणाला, नवीनच घेऊन टाकू. आत्या म्हणाल्या, सोमवार काय लांब न्हाई.

रविवारी सकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला. कोरड्या हवेत गळत नाही, दमट हवेत गळतं. म्हणजे आत काहीच बिघाड नाही. पाणी थोडं असलं की जातं, जास्त झालं की अडतं. मग ते अडत असणार बाहेर, जिथे नळी संपते तिथे. आणि तिथे जाऊन कुणी पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आमच्याकडे एक बोळ आहे. तिथे कपड्यांची दोरी आहे आणि कपडे वाळत घालायचं काम आत्यांनी आल्यापासून कुणाला करू दिलेलं नाही. मी सपाता घालून तिकडे गेले. एसीची पांढरी नळी भिंतीवरून खाली येऊन जमिनीजवळ संपायला हवी होती. ती संपली नव्हती. तिला ठिबकचा काळा पाइप जोडलेला होता आणि सांध्यावर लुगड्याचा काठ करकचून बांधला होता. पाइप भिंतीकडेने कोपऱ्यापर्यंत जाऊन एका फरशीच्या तुकड्याखाली शिरला होता. मी फरशी उचलली. खाली गळ्यापर्यंत पुरलेला माठ. माझाच माठ, पाणी गार करत नाही म्हणून मी भंगारात काढलेला. पाइप थेट त्याच्या बुडाशी गेला होता आणि तोंडात चिंध्या ठासून बसवल्या होत्या. माठ काठोकाठ भरलेला होता. शेजारी वीतभर उंचीचं कागदी लिंबाचं रोप, भोवती दगडांचं आळं आणि मांजरांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या.

मी पाइप बाहेर ओढला. नळीत गुडगुड झाली आणि अडलेलं पाणी भसकन माझ्या पायांवर आलं.

काठीचा आवाज आला म्हणून वळले, तर मागे आत्या उभ्या.

"म्या लावलंय," त्या म्हणाल्या. "त्ये पाणी भिताडाकडंनं नुसतं वाया जात हुतं, बगवंना मला. आमच्याकडं झाडाला पाणी वतत न्हाईत, पाजत्यात."

मग त्यांनी नीट समजावलं. माणात झाडाच्या मुळाशी माठ पुरायचा, बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घालायची. झाड तहान लागेल तसं पितं. तोंड बंद ठेवायचं, नाहीतर अर्धं पाणी ऊन पिऊन जातं. सगळं बरोबरच होतं. फक्त माणात असे भरून वाहणारे माठ कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे माठ भरल्यावर मागून येणारं पाणी कुठे जाईल हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. नळीचं तोंड पाण्यात बुडलं, वर चिंध्यांचं बूच, मग पाणी आल्या वाटेने मागे फिरलं आणि खोलीत उतरलं. मी हे सांगितल्यावर त्यांनी काठीने माठाच्या तोंडातल्या चिंध्या बाजूला सारून आत पाहिलं.

"मंजी मीच गळीवला व्हय," असं म्हणून त्या हसल्या.

रोप त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेहून येताना आणलं होतं, वाडीवरच्या आपल्या लिंबाखालून उपटून, खुंटीवरच्या त्याच पिशवीतून. म्हणजे हिवाळ्यापासून ते इथे होतं आणि हिवाळ्यापासूनच त्या दर आठवड्याला जाते म्हणत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की याला लिंबं कधी धरतील.

"चार वरसं तरी लागत्यात," त्या म्हणाल्या आणि वाकून आळ्यातलं वाळकं पान वेचायला लागल्या.

 'म्हणजे राहणार ना' असं ओठावर आलं होतं, पण मी खुरपं आणायला गेले. हा आग्रहाचा प्रसंग नाही, एवढं मला कळत होतं.

आम्ही दोघींनी मिळून पाइप कापला. त्याचं तोंड माठाच्या दोन बोटं वर राहील अशी दगडाची बैठक केली. जादा पाणी कडेने कढीपत्त्याकडे जाईल अशी चारी त्यांनी काठीच्या टोकाने ओढून दाखवली आणि मी खुरप्याने खणली. दुपारभर एसी चालवला. भिंत कोरडी राहिली.

सोमवारी सकाळी नवऱ्याने आज्ञाधारकपणे गाडी बाहेर काढली आणि आईला विचारलं, स्टँडवर सोडायचं ना. आत्या चहा पीत होत्या. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.

"आज दमट हाय रं," त्या म्हणाल्या. "माठ भरंल. कुणीतरी बघाय नगो?"

नवऱ्याने नेहमीप्रमाणे बरं म्हटलं. मी त्यांच्या खोलीत गेले, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यातली दोन्ही लुगडी कपाटात लावली. आत्या दारातून बघत होत्या. मग म्हणाल्या, हिरवं वरच्या कप्प्यात ठेव, ते सारखं लागतं.