माझी बायको प्रॉब्लेम नव्हती

त्या सकाळी मी हिची वेणी घातली. झटका आल्यापासून हिचा उजवा हात वर जात नव्हता, तेव्हापासून वेणी माझ्याकडे. माझगावच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडण्यात जन्म गेला, बोटं जाड. पेड सुटायचे. दोरखंड वळताय काय, असं ही म्हणायची. त्या दिवशी मात्र गप्प बसून घालून घेतली. वर अबोली माळली. पुतणीच्या लग्नातली साडी नेसली. इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हाला दोघांना बोलावणं होतं.

लालबागला आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. हिला खाली बसलं की उठता येत नव्हतं. मी धरून न्यायचो, दार अर्धं उघडं ठेवून बाहेर उभा राहायचो. हिला एकच पाहिजे होतं. एकटीनं जायचं. दार लावून.

गणपती उरकले आणि कॉलेजची पोरं आली. पहिल्या वर्षाची. त्यांच्या मॅडमनी सांगितलेलं, बाहेर जा, लोकांचा एक प्रॉब्लेम शोधा, टीम करून सोडवा, त्याला मार्क. पोरं गोड होती, खोटं बोलणार नाही. आजी आजी करायची. हिचा गुडघा मोजला, दार मोजलं. मोबाईलवर शूटिंग केलं. कशाला, तर अभ्यासाला. आम्ही हो म्हटलं.

पहिली खुर्ची कलंडली. आपसात भांडली पोरं, मग दुसरी केली. खाली रबर लावलं, बाजूला दांडा. दांडा दाबला की बसायची जागा वर उचलायची आणि माणूस उभं. मी खुर्ची संडासात ठेवून खोलीत आलो. ही एकटी गेली. आतून कडी घातली. तो कडीचा आवाज मी खोलीत बसून ऐकला. परत आली ती असली हसत, जशी विलायतेला जाऊन आली.

थोडे दिवस गेले असे. मग कॉलेजातला कार्यक्रम. खुर्ची पोरांनी आधीच नेली होती.

ही पहिल्या रांगेत बसली. दिवे घालवले. मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, मला त्यातलं प्रॉब्लेम तेवढं कळलं. आणि पडद्यावर ही. संडासाच्या दारात. साडी गुडघ्यावर, पदर खाली पडलेला. भिंत धरून उठायला बघते, जमत नाही, परत बसते. भिंतीएवढी मोठी. मागे कोणीतरी हसलं. मग सगळे गप्प झाले आणि गप्प राहून बघत बसले. ते हसण्यापेक्षा वाईट.

पाहुणे म्हणाले, आजी, करून दाखवा. हिनं स्टेजवर जाऊन बसून, उठून दाखवलं. फोटो नीट आला नाही म्हणून परत दाखवलं. टाळ्या. पोरांचा पहिला नंबर.

मी खुर्ची उचलायला गेलो. मॅडम आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांना चढवावा लागत नाही.

"काका, ही कॉलेजातच राहणार. तुमच्यासाठी नाही बनवली, मुलांनी शिकावं म्हणून बनवली."

गोदीत जन्मभर बरं साहेब म्हणालेलं तोंड. बरं मॅडम म्हणालं.

टॅक्सीत ही एकदाच बोलली, गावच्या बोलीत. "अहो, थंय पडद्यार माझ्या आंगार पदर नव्हतो."

त्यानंतर वेणी घालू दिली नाही. आता कुठे जायचंय, म्हणाली. मग पाणी कमी केलं. चहा अर्धा ठेवायची. प्यायलं की जावं लागतं, जायला मी लागतो, दार उघडं लागतं. मी ओरडलो, हात जोडले. तोंड फिरवायची. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. सलाईन लावलं, पण उशीर झालेला. गेली.

खुर्चीनं मारलं असं मी म्हणत नाही. तो कडीचा आवाज हिला ऐकवला आणि काढून घेतला, एवढं म्हणतो.

यंदा गणपतीनंतर मॅडम परत आल्या. नवी पोरं घेऊन. गॅलरीत शिरता शिरता एक पोरगी दुसरीला म्हणाली, "अगं, हेच ते दार. व्हिडिओतलं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. हिला मी माझ्या हातानं अग्नी दिला. आणि ही अजून त्या दारात बसलेली. उठता येत नाही. नव्या पोरांना शिकवायला.

ती गेली, एवढंच मी मॅडमना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग म्हणाल्या, "मग काका, या वर्षी मुलांचा प्रॉब्लेम तुम्हीच व्हाल का? तुमचेही गुडघे दुखत असतील ना." उद्या सकाळी वर्गावर या, म्हणाल्या, आधी आजींचा व्हिडिओ दाखवते, मग मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील.

येतो म्हटलं.

सकाळी आंघोळ केली. पांढरा सदरा घातला. वर्ग भरलेला होता. पुढे ती खुर्ची मांडलेली. मॅडम म्हणाल्या, बसा. बसलो नाही. दिवे घालवले. टेबलावर ते पडद्यावर चित्र पाडणारं मशीन पेटलं, तसा मी त्याच्या तोंडाशी छाती लावून उभा राहिलो. भिंतीएवढी होती, ती माझ्या सदऱ्याएवढी झाली.

"काका, बाजूला व्हा. मुलांना दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच उभा आहे," मी म्हणालो. "ही सुमती. माझी बायको. प्रॉब्लेम नव्हती ती. हे पुसा. माझ्यासमोर पुसा. आज नाही पुसलं तर उद्या येईन. परवा येईन."

मॅडमचा हात बटणावर तसाच. काका, प्लीज, म्हणाल्या. बरं हा शब्द माझ्या तोंडात आला नाही.

गुडघे दुखत होते. मॅडमचं तेवढं खरं होतं. खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

मी उभा राहिलो.