निवलेली पेज

परवा तापात सुनेने तांदळाची पेज पुढे केली, आणि त्या वाफेसरशी मी नागरा गावाजवळच्या एका झोपडीत जाऊन पोचले. स्वातंत्र्याला दोनतीन वर्षं झाली असतील. माझे यजमान पाद्री होते. लग्न नवं, त्यांच्याबरोबर मीही खेडोपाडी जायची.

खाटेवर बुधा मरणाला टेकला होता. आपल्या धानाला पाणी मिळावं म्हणून त्याने तलावाची पाळ फोडली होती, आणि त्या लोंढ्यात भावाची लहानगी वाहून गेली होती. तुरुंगातून परतल्यावर गावात कोणी त्याच्याशी बोलेना. पेज भरवायला यायची ती एकटी त्याची भावजय सोनाबाई. त्या मुलीची आई.

"म्या कायचंच पुण्य केलं नाही, पाद्रीबाबा," बुधा म्हणाला.

"पुण्य लागत नाही," हे म्हणाले. "देव पाप्यालाच नीतिमान ठरवतो. तू फक्त विश्वास ठेव."

बुधाने डोळे मिटून मान हलवली.

सोनाबाईचा हात थांबला. "तुमचा देव याले सोडून राहिला, तं सोडू द्या. पण पोरगी माही होती. मले कोणी इचारलं?"

तिने वाटी पुन्हा बुधाच्या ओठांशी नेली. त्याने तोंड उघडलं नाही.

तेव्हा मला वाटलं, हिने त्याचा विश्वास मोडला. आज वाटतं, फुकट मिळालेलं घेणं किती जड असतं, ते त्याला तेव्हा कळलं. देवाची क्षमा त्याने डोळे मिटून घेतली होती. हिच्याकडे बघून पेज घेणं त्याला जमेना.

"खा," सोनाबाई म्हणाली. वाटी धरून ती तशीच बसून राहिली. पेजेवर साय धरली.

संध्याकाळी तो गेला. उपाशीच.