कारवारच्या बसने येणारी पिसं

बेंगळुरूला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या उभ्या येलहंका उपनगरात एकाच व्यक्तीला मान्य नाही, आणि ती व्यक्ती नेमकी आमच्या डोक्यावर राहते. वरच्या मजल्यावरच्या अक्का मूळच्या बेळगावकडच्या, कट्टर शाकाहारी. पाण्याची भीती इतकी की बादलीतही हात जपून घालतील. पण जिन्यात भेटल्या की समुद्रावरच्या सुरय पक्ष्यांची तब्येत सांगतात. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या तरी रोज तिथे जातात आणि पक्ष्यांच्या गळलेल्या पिसांत पारा किती, शिसं किती ते तपासत बसतात. सांडपाणी समुद्रात जातं, त्यातला पारा लहान माशात, तिथून मोठ्या माशात आणि शेवटी पक्ष्याच्या पोटात. मग पक्षी मरतो का, असं मी एकदा विचारलं. "लगेच कुठं मरतोय! बिघडतोय की. अंड्यावर बसलेला मध्येच उठून जातोय. शिसं पोटात गेलं तर पिल्लाला धड उभं राहता येत नाही." हे त्या माझ्या ताटातल्या इडलीकडे रोखून पाहत सांगत होत्या, त्यामुळे ती इडली मला जड गेली.

पिसं कारवारहून रात्रीच्या बसने येतात. तिकडचे एक ओळखीचे मच्छीमार ती किनाऱ्यावरून वेचतात, लिफाफ्यात भरतात आणि ड्रायव्हरच्या हाती देतात. शिवाय किनाऱ्याकडे जाणारा कुणीही अक्कांच्या तावडीतून सुटत नाही. आमच्या इमारतीतलं नवं जोडपं मधुचंद्राहून परतलं, तेव्हा जिन्यातच अक्कांनी विचारलं, "पिसं आणलीत काय?" नवरी लाजायचं विसरून नवऱ्याकडे बघत राहिली. आणि एवढं करून अक्कांच्या घरात शोभेला एक पीस नाही. आलेलं प्रत्येक पीस आम्लात विरघळवायचं, यंत्राला द्यायचं, संपलं. "ठेवून काय करायचं?" असं त्या म्हणतात.

त्याच बसने आमचे मासे येतात. महादेवपुऱ्यात नोकरी करणारी आमची मुलगी पोटुशी राहिली आणि आमच्याकडे आली, तेव्हा तिला डोहाळे लागले ते मोरीच्या सांबाऱ्याचे. मोरी म्हणजे लहान शार्क आणि सांबारं म्हणजे तिचं खोबऱ्याचं कालवण. पोटुशीला, बाळंतिणीला मोरी चांगली, दूध येतं, असं आमच्याकडे सगळ्याच बायका सांगतात. मी मोरी मागवली. अक्का पिसं आणायला स्कूटरवरून निघाल्याच होत्या, म्हणून आमचंही पार्सल आणा, असं सांगितलं. इथेच आमचं चुकलं.

अक्का परतल्या त्या हात लांब धरून. हातातल्या पिशवीत तारल्या. जन्मात मासळीच्या दुकानाची पायरी न चढलेल्या या बाईने वाटेत थांबून त्या विकत घेतल्या होत्या आणि श्वास रोखून घरापर्यंत आणल्या होत्या.

"मोरी कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये. मोठ्या माशांत पारा साठतोय, वहिनी. हे बारीक मासे खाऊ दे तिला."

"आमच्या सासूबाईंनी मोरी खाऊनच पोरं वाढवली!"

"तेव्हाचा समुद्र वेगळा होता." मग त्या मुलीकडे वळल्या. "पक्षीण अंगातला पारा पिसांतून टाकते, पोरी. उरलेला अंड्यातून जातोय. तिला नको असतंय की, पण जातंय."

मुलगी हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात मी दोनदा खाल्ली, अक्का."

एरवी उत्तर तयार असणाऱ्या अक्का तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला भीती वाटली ती तेव्हा.

नातू सुखरूप झाला. डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, पण अक्कांचं समाधान होईना. रोज खाली येऊन त्याच्या डोळ्यांपुढे किल्ल्या हलवायच्या, मुठीत बोट देऊन बघायच्या. त्याचं जावळ काढायचं ठरलं त्या दिवशी त्या लिफाफा घेऊन हजर. पारा पिसात साठतो तसाच केसात साठतो म्हणे. बायको कुरकुरली, पण मुलीनेच केसांची बट त्यांच्या हातात दिली. नंतरचे दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी अक्का दारात उभ्या राहिल्या. "सरी हाय. काळजीचं काही नाही." मुलगी ढसाढसा रडली, बायकोने देवापुढे साखर ठेवली, मी उगाचच पंखा लावला. अक्का मात्र जाईनात. लिफाफा हातात तसाच.

"अर्धीच बट लागली," त्या म्हणाल्या. बायकोने उरलेले केस घ्यायला हात पुढे केला, पण अक्कांची मूठ काही उघडेना.

"वहिनी, हे मी ठेवू काय?"

अक्कांना मूलबाळ नाही. ठेवून काय करायचं, असं त्यांना कुणीच विचारलं नाही.