दहा वाजताची टिक

आमच्या शेवंतीला मी पहिल्यापासून वेडीच म्हणत आले. घोडपदेवमधलं आमचं अठरा खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल. तिथं ती बावीस वर्षं मावशी, मी अकरा. पेशंटला पुसायचं, भरवायचं, पॉट द्यायचा, हे आमचं काम. पण ही बाई हात लावण्याआधी पेशंटला विचारणार. शुद्धीत नसलेल्यालासुद्धा! कमरेला खोबरेल तेलाची बाटली. कोणाची पाठ लाल दिसली की चोळत बसणार. "अगं, पगार तेवढाच मिळतो," मी म्हणायची. ती नुसती हसायची.

पूर्वी पाळीला चार मावश्या होत्या. मार्चमध्ये दोघींना घरी पाठवलं. बायकांची खोली माझ्याकडे आली, पुरुषांची शेवंतीकडे. तेव्हाच मी म्हटलं होतं, एक दिवस इथं कोणाचा तरी जीव जाणार. जळो मेली माझी जीभ!

शेवंतीच्या खोलीत कुशाबा होते, जुने गिरणी कामगार; आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पॅरालिसिसनं वाचा गेलेली, अंग ओंडक्यासारखं जड. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, तोंडात साचलेला कफ पुसून काढायचा आणि खाटेला लटकवलेल्या कागदावर त्या वेळेच्या चौकटीत टिक मारायची. "तात्यानू, कूस बदलूया हां," शेवंती म्हणायची. तात्या म्हणायचे, "हूं." तेवढंच काय ते बोलणं उरलं होतं, आणि तेही तिच्याशीच.

नऊ जणांचं करता करता तिच्या टिका मागे राहायला लागल्या. मी तर सकाळी आल्या आल्या पाळीभराच्या टिका मारून मोकळी व्हायची. मेट्रनना रिकामी चौकट खुपते, भरलेली नाही. पण शेवंती कसली ऐकतेय! "न केलेल्याची टिक कशी मारू गो?" म्हणे. शनिवारी मेट्रन सुचित्रा मॅडमनी तिला सगळ्यांसमोर झापलं, "सोमवारच्या राउंडला एक जरी चौकट रिकामी दिसली, तर मंगळवारी येऊ नकोस."

सोमवारी सकाळपासून माझा उजवा डोळा लवत होता. आठला शेवंतीनं तात्यांना डाव्या कुशीवर केलं. पावणेदहाला ती एका पेशंटला एक्सरेला घेऊन गेली, ती दहा वाजले तरी परतली नाही. आणि जिन्यात मॅडमच्या चपला वाजल्या. तिची नोकरी जात होती हो! मी धावत जाऊन तात्यांचा कागद ओढला, दहाच्या चौकटीत टिक मारली, आणि हाताच्या सवयीनं बारा नि दोनच्याही मारून टाकल्या. तात्या टक लावून माझ्याकडे बघत होते. त्यांना वळवणारच होते मी, देवाशपथ. तेवढ्यात माझ्या खोलीतल्या म्हातारीनं उलटी केली.

साडेदहाला, मॅडम राउंड उरकून गेल्यावर, शेवंती माझ्या दारात डोकावली. "देव तुझा भला करो गो," म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडे पळाली. ती कशाबद्दल बोलतेय, हे लादी पुसताना माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

अकराला तात्यांचा मुलगा वैभव भेटायला आला. त्याची ओरड ऐकून आम्ही दोघी धावलो. शेवंती वाकली. "तात्यानू?" हूं आलं नाही. तिनं परत हाक मारली. डॉक्टर आले, तपासलं आणि म्हणाले, घशात कफ अडकला, अर्धा तास तरी झाला असेल.

"कूस बदलली होती का त्यांची?" वैभवनं विचारलं.

"बदलली तर! मी एक्सरेला होतंय, पण ही नलू होती ना." शेवंतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती रडत होती. "दहाक तूच वळवलंस ना गो तात्यांका?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, "हो. मीच."

वैभवनं माझ्यापुढे हात जोडले. धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं मला. मग त्यानं खाटेचा कागद हातात घेतला. त्याचं बोट दहाच्या चौकटीवरून बारावर गेलं, बारावरून दोनवर. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा झाले होते.

"आणि दोन वाजता कोणी वळवलं?"

शेवंतीनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.