परत न आलेली कव्हरं

उल्हासनगरच्या कापडबाजारातल्या त्या शेठवर माझा राग अजून गेलेला नाही. किती वर्षं मी त्याच्याकडून किलोवर कटपीस घेते, दर खेपेला भांडून घेते, आणि तरी त्याच्याचकडे जाते, कारण इतका स्वच्छ माल दुसऱ्याकडे मिळत नाही. कागदाऐवजी भेटवस्तूला घालायचं आणि परत घेऊन पुन्हा वापरायचं, असं माझं पहिलं कापडी गिफ्ट कव्हर मी त्याला दाखवलं, तेव्हा त्याने ते मेलेली पाल उचलावी तसं दोन बोटांत धरलं.

"दीदी, कागज फाडो, फेको, यही तो मजा है. ये कपडा वापस कौन देगा तुमको?"

"देतील. माणसं आहेत ती."

"इसीलिए तो नहीं देंगे!"

दुकानातले सगळे हसले. मी त्या दिवशी भाव आणखी पाडून माल उचलला, पण ते हसणं डोक्यातून जाईना.

आधी मी आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला होते. ते काम सुटल्यावर जुनी मशीन घेऊन कात्रपला फॉल-पिकोचं दुकान टाकलं. कव्हराचं खूळ डोक्यात शिरलं ते नातीच्या पहिल्या वाढदिवसाला. पाहुणे गेले आणि घरात चकचकीत कागदाचा ढीग उरला. त्यातली एक लांब रिबन नातीने गळ्यात घालून घेतली होती आणि स्टेपलरची पिन माझ्या टाचेत घुसली होती. दुसऱ्याच दिवशी मी मशीनवर बसले.

पहिल्या कव्हराला मी हौसेने मोत्याचं बटण लावलं. नातीने ते दाताने तोडून तोंडात घातलं, मी बोट घालून बाहेर काढलं. त्यानंतर बटण बंद, मणी बंद, चमकी बंद. झाकणाची कापडी जीभ मोठ्या काजातून ओवायची, की कव्हर बंद. वरची धरायची पट्टी इतकी आखूड, की बाळाच्या गळ्याभोवती वेढा बसूच नये. वरचं फूल त्याच कापडाचं, दुहेरी टीप मारलेलं. नातीने ते आठवडाभर चावलं, एक टाका सुटला नाही. याहून मोठी परीक्षा कोण घेणार?

आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाईंना ते आवडलं. पण बाई माझ्याइतक्याच पक्क्या.

"एका वाढदिवसाला सगळ्या वर्गाला खडूंची पेटी यातून देऊ. पंधरा दिवसांत कव्हरं परत आली तर वर्षभराचं काम तुमचं. नाही आली तर आपली कागदी पिशवी बरी."

मी प्रत्येक कव्हराला आतून 'कृपया परत करा' अशी पट्टी शिवली आणि निर्धास्त झाले. आठवडा गेला. बारा दिवस गेले. परत आली फक्त दोन, आणि ती दोन्ही बाईंच्या बहिणीच्या जुळ्यांची.

मला रात्रंदिवस तो शेठच दिसायला लागला. तेराव्या दिवशी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि मुलांच्या घरांची यादी घेऊन भांडायलाच निघाले.

पहिल्याच दारात एका मुलाची आई उभी. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ताई, तुमचं कव्हर ना? धुऊन, इस्त्री करून ठेवलंय हो."

"मग पाठवत का नाही?"

"रिकामं कसं पाठवायचं? बेसनाचे लाडू करणार होते, पण गॅसच संपला."

"मी लाडू मागितले का?"

"तुम्ही कशाला मागाल? पण कुणाच्या घरून आलेली वस्तू रिकामी धाडतात का?"

दुसऱ्या घरी चकल्यांची भाजणी दळून यायची होती. तिसऱ्या घरचं कव्हर तर सोनिवलीला नणंदेकडे गेलं होतं, पोह्याच्या पापडांसकट. "येईल की! तीही काही रिकामं नाही धाडायची," ती बाई मलाच समजावत होती.

मी जिन्यातच बसले आणि मोठ्याने हसले. माझ्या ओट्यावर शेजारणीचा डबा महिनाभर पडून होता. का, तर त्यात घालायला काही जमलं नव्हतं. सगळ्या जगाला भाव शिकवणारी मी, आणि ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही!

मग मी घरोघर सांगत सुटले, "बाई गं, चिमूटभर साखर घाल, पण उद्या पाठव."

दुसऱ्या दिवशी कव्हरं आली. सोनिवलीचं सोडून सगळी. कुणात साखर, कुणात चिक्की, एकात भाजलेले शेंगदाणे. दुपारपर्यंत बाईंच्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली. शेंगदाणे बाईंनी आधी उचलून कपाटावर ठेवले.

"एखाद्या पोराच्या घशात अडकला म्हणजे? तुमचं ते बिनबटणाचं कौतुक सगळं पाण्यात."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. बराच वेळ आम्ही दोघी मुंग्या झटकत बसलो. शेवटी ठरलं, कव्हराच्या आत एक खिसा शिवायचा आणि परत पाठवताना मुलाने वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढलेलं चित्र त्यात घालायचं. रिकामंही जाणार नाही, मुंग्याही लागणार नाहीत. बाई सगळ्यांना सांगतात की कल्पना त्यांची. साफ खोटं. चित्र त्या म्हणाल्या, खिसा मी म्हटला.

काम मला मिळालं. पुढच्या वाढदिवसाची कव्हरं तीन दिवसांत परत आली, खिशात तीन पायांचे हत्ती आणि हिरवे सूर्य घेऊन.

"खिसा तेवढा फुकट शिवून द्या," ऑर्डर देताना बाई म्हणाल्या होत्या.

"कापड लागतं, टीप लागते, दोरा लागतो. फुकट कसा?"

"अहो, मुलांसाठी आहे."

"मुलांसाठी आहे म्हणून तर दुहेरी टीप मारणार. दुसऱ्या टिपेचे पैसे लावत नाही, खिशाचे द्या."

बाईंनी दिले. तोंड वाकडं करून दिले, पण दिले.