वालबोर्गने वाचलेला शेवट

माझी थिरामावशी आयुष्यभर फेरीबोटीच्या कँटीनमध्ये मासे तळत उभी राहिली. आमच्या बेटावर येणाऱ्या निम्म्या लोकांना तिने जेवायला घातलं आणि उरलेल्यांना रांग मोडली म्हणून झापलं. वादळात प्रवासी ओकत असायचे आणि ही कढई धरून उभी. नवरा लवकर गेला, मुलगी लोना तिकडे ऑर्हुस शहरात स्थायिक झाली, आणि आठ वर्षांपूर्वी मावशीचे डोळे गेले. अगदी पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध डाग बसला, कडेकडेचं तेवढं दिसायचं.

तरी नाताळच्या सुट्टीतले सिनेमे तिने सोडले नाहीत. सुट्टीसाठी वाचनालय बंद व्हायच्या आत पिशवीभर डीव्हीडी आणायच्या आणि नवं वर्ष लागेपर्यंत रोज दुपारी, अंधारून आलं की एक लावायचा. तिला फ्रेंच नाहीतर इटालियन हवे असायचे. त्या भाषा आमच्यात कुणालाच येत नाहीत. पडद्याच्या तळाशी डॅनिश ओळी येतात, त्या वाचायच्या. मावशीला त्या वाचून दाखवायची शेजारची वालबोर्ग.

आणि काय वाचायची! पुरुष बोलला की आवाज जाड, पोर बोललं की बारीक. नायिका रडायला लागली की हीसुद्धा नाक ओढणार. "हिच्या तोंडून ऐकलं की डोळे गेल्याचं विसरायला होतं," मावशी म्हणायची. मी तेव्हा तिला मानाने वालबोर्गबाई म्हणायचे. आता ते तोंडातून निघत नाही.

यंदा लोनाच्याच इमारतीत तळमजल्यावरचं एक घर रिकामं झालं. आईसाठी तिने किती वर्षं नंबर लावून ठेवला होता. सुट्टीतच होय की नाही ते कळवायचं होतं. नाही म्हटलं की नंबर गेला. मावशीचं जायचं जवळजवळ ठरलंच होतं. "पोरं जिन्यात धुडगूस घालतील आणि मी खालून ओरडेन," असं म्हणून स्वतःच हसायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी एक इटालियन सिनेमा बघितला. एक म्हातारी गाव सोडून शहरात मुलाकडे जाते, त्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने लोनाला फोन केला. "नाही गं येत. तिकडे जाऊन झुरायचं आणि परत यायचं, त्यापेक्षा इथेच बरी." आम्ही सगळे चाट पडलो.

त्यानंतर वालबोर्गचा घसा बसला. मी एब्लेस्कीवर, म्हणजे नाताळातले आप्प्यांसारखे गोड गोळे, गरम करून घेऊन गेले, तर ती गळ्याला मफलर गुंडाळून मावशीशेजारी बसलेली.

"आज तू वाच," मावशी मला म्हणाली. "तो म्हातारीचाच लाव. तू बघितला नाहीस, आणि मला पुन्हा ऐकायचाय."

वालबोर्ग जोरजोरात मान हलवायला लागली. दुसरीच डीव्हीडी माझ्या हातात कोंबली.

"अहो बाई, तुम्ही आराम करा," मी म्हटलं आणि तोच सिनेमा लावला. मला काय ठाऊक!

शेवटी म्हातारी गावातल्या घरी येते. स्वयंपाकघरात जरा वेळ बसते. मग शेजारणीच्या हातात किल्ली देते. मी वाचलं, "घर विकून टाक. तिकडे मी सुखात आहे. आधीच जायला हवं होतं."

"काय?" मावशी म्हणाली. "मागे घे. परत वाच."

मी परत वाचलं.

"ती कायमची परत येते ना? 'माझी चूल ती माझी चूल' म्हणते ना? वालबोर्ग?"

वालबोर्ग बसलेल्या घशातून कशीबशी कुजबुजली. "तू गेलीस तर माझं कोण आहे इथे?"

"मग तसं म्हणायचंस की! थिरा, जाऊ नकोस, एवढंच म्हणायचंस. थांबले असते गं मी, कोण जाणे." मावशीचा आवाज चढला होता, आता एकदम पडला. "आणि बाकीचे सिनेमे? तो पाववाला बायकोकडे गेला ना? त्या नर्सला तिची मुलगी भेटली ना?"

वालबोर्गने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. मला तिचा इतका संताप आला की एब्लेस्कीवरांची ताटली मी तिच्यापुढून उचलली. आठ वर्षांचे सिनेमे होते ते. त्यातला कुठला खरा, हे मावशीला आता कधीच कळणार नव्हतं.

मी फोन लावून मावशीच्या हातात दिला आणि शेजारीच उभी राहिले. लोनाचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "आई, आता म्हणतेस? ते घर कालच दुसऱ्यांना दिलं गं. आता पहिल्यापासून नंबर लावायचा." ती रडत होती.

मावशीने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" वालबोर्गने कसंबसं विचारलं.

"घर अजून रिकामंच आहे म्हणाली," मावशी शांतपणे म्हणाली. "नव्या वर्षात न्यायला येते."

वालबोर्ग उठली. कोटाची बाही तिला सापडेना. मी मदत केली नाही. ती तशीच अर्धा कोट अंगावर घेऊन बाहेर पडली.

दार लागलं तशी मावशी माझ्याकडे वळली.

"जाताना रडत होती का गं ती? खरं सांग."

"हो," मी म्हटलं.

"बरं," मावशी म्हणाली, आणि तिला जराही बरं वाटलेलं नव्हतं.