डिन कशाला म्हणतात

हिल्डा एन्टविसलनं लँकशायरच्या कापडगिरणीत एकतीस वर्षं काढली. मागांच्या खडखडाटात तिथे कोणाला कोणाचं ऐकू येत नसे, म्हणून बायका एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारत. न थांबणाऱ्या, डोकं उठवणाऱ्या असल्या गोंगाटाला इंग्रजीत ‘डिन’ म्हणतात. त्या डिननं हिल्डाचे कान खाल्ले. ऐकू यायचे ते फक्त खर्जातले जाड आवाज.

नवरा विल्फ्रेड छापखान्यात प्रुफं तपासायचा. निवृत्तीनंतर तो घरात चुका काढू लागला. “‘नॉइज’ कसलाही चालतो, ‘डिन’ मात्र अखंड हवा, आणि ‘रॅकेट’ म्हटलं की आदळआपट आलीच,” असलं गोंगाटाच्या इंग्रजी शब्दांचं ज्ञान तो तिला कागदावर लिहून द्यायचा. लिहून, कारण त्याची झुपकेदार मिशी ओठांवर यायची आणि तिला काही वाचता यायचं नाही. “मिशी कातर,” असं तिनं वीस वर्षं सांगून पाहिलं. मग नाद सोडला. या माणसाचं बोलणं कळलं नाही म्हणून आपलं काही अडत नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

मंगळवारी समोरच्या सभागृहात गावचा बँड सरावाला बसायचा. त्यातल्या टुबा नावाच्या अगडबंब पितळी वाद्याचा खर्ज तिच्या कानांपर्यंत पोचायचा. चहाचा कप घेऊन ती तासभर खिडकीशी बसून राही.

आणि विल्फ्रेडनं नगरपालिकेकडे तक्रार ठोकली, की बँडला तिथून हलवा. सुनावणीला त्यानं हिल्डाला सोबत नेलं. “नुसती बसून राहा,” एवढीच चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तक्रार कारकुनानं वाचली. त्याला मिशी नव्हती. हिल्डाला शब्दन् शब्द कळला. “हा डिन माझ्या आजारी पत्नीला असह्य होतो. केवळ तिच्यासाठी...”

ती उठली. विल्फ्रेडनं बाही ओढली, ती तिनं झटकली.

“डिन कशाला म्हणतात ते याला काय विचारता?” ती म्हणाली. “गिरणीच्या दाराशी यायचा तोसुद्धा कानांत बोळे घालून. आत एकतीस वर्षं मी उभी होते. समोर वाजतो तो बँड आहे.”

विल्फ्रेड मिशीआड पुटपुटला.

“काय म्हणतोय?” तिनं कारकुनाला विचारलं.

कारकून घुटमळला. “म्हणतायत, हिला मुळात ऐकू येत नाही.”

“येतं,” हिल्डा म्हणाली. “आता तेवढंच येतं. आणि हा मेला तेही बंद करायला निघालाय.”